विश्लेषण : एक रुपयाच्या नोटेवरची ‘सागर सम्राट’ आणि केशवदेव मालवीय यांची कोरडी भोके

दर्यापूर : लग्नाच्या आहेराचे पाकीट भरताना शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटेवर एक रुपया ठेवायचा, ही रीत वऱ्हाडात अजून टिकून आहे. तो रुपया नाण्याऐवजी नोटेचा असेल, तर पाकीट बंद करण्याआधी एकदा नोट उलटी करून पाहा. रुपयाच्या नाण्याच्या चित्राजवळ समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. कोणाला ते जहाज वाटते, कोणाला कारखाना. ती ‘सागर सम्राट’ आहे. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात जिने तेल शोधले, ती खोदकामाची रिग. नावात ‘दर्या’ असला तरी मुंबईच्या किनाऱ्यापासून रस्त्याने जवळपास सहाशे किलोमीटर आत असलेल्या आपल्या तालुक्याशी तिचा काय संबंध? आणि ज्यांच्या हट्टामुळे देशात सरकारी खर्चाने तेल शोधणे सुरू झाले, ते केशवदेव मालवीय कोण होते?

कोरड्या भोकाचे पैसे कोणी द्यायचे?

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरची गाडी येते, मशीन लागते, पाइप खाली जातात आणि पाणी लागते तेही खारे. पिकाला चालत नाही, प्यायला तर नाहीच. गाडीवाल्याला मात्र फुटाप्रमाणे पैसे मोजावेच लागतात. पाणी गोड निघाले की खारे, यावर त्याचा दर ठरत नाही.

तेलाचेही असेच आहे, फक्त हजारांच्या जागी कोटी. जमिनीत किंवा समुद्रतळाखाली कृत्रिम हादरे सोडून, परत येणाऱ्या लहरींवरून खडकाची ठेवण ओळखता येते. कुठे फुगवटा आहे, कुठे तेल अडकून राहू शकते, याचा अंदाज बांधता येतो. पण तेल आहे की नाही, हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही, आणि बरीच भोके कोरडी निघतात.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात तेल होते ते आसाममधील दिग्बोईच्या परिसरात, तेही एकोणिसाव्या शतकात सापडलेले. बाकी बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात होता. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) स्टॅनव्हॅकने १९५४ मध्ये आणि बर्मा-शेलने १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू केले. कच्चे तेल बाहेरून येई. या कंपन्यांच्या किंवा त्यांच्या मातृकंपन्यांच्या विहिरी पश्चिम आशियात होत्या आणि तिथले तेल स्वस्तात निघत होते. ते इथे आणून शुद्ध करून विकण्यात त्यांचा फायदा होता. भारतात नव्याने भोके पाडण्याची त्यांना फारशी घाई नव्हती, आणि व्यापारी म्हणून ते चूकही नव्हते. स्टॅनव्हॅकने भारत सरकारबरोबर भागीदारी करून पश्चिम बंगालमध्ये विहिरी खोदल्या, त्याही कोरड्या गेल्या. भारताच्या भूगर्भात फारसे तेल नाही, हे मत मग आणखी घट्ट झाले.

सरकीच्या तेलापासून खनिज तेलापर्यंत

केशवदेव मालवीय यांचा जन्म १९०४ मध्ये अलाहाबादचा. शिक्षण झाले कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेत, विषय तेल-तंत्रज्ञान. त्या काळी तिथे शिकवले जाणारे तेल प्रामुख्याने तेलबियांचे, म्हणजे आपल्याकडच्या सरकीच्या घाणीशी त्याचे नाते जवळचे आणि खनिज तेलाशी दूरचे. तरीही पुढे केंद्रात जे राजकारणी तेलावर बोलत, त्यांच्यात तेल या पदार्थाचे रसायन शिकलेला माणूस दुर्मीळच होता.

स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला, संयुक्त प्रांताच्या काँग्रेसमध्ये काम केले. स्वभावाने ते डावीकडे झुकलेले. नेहरूंच्या सरकारात त्यांच्याकडे नैसर्गिक संपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन हे खाते आले. खाते तसे बाजूचे. अर्थ, गृह, संरक्षण यांच्यापुढे त्याची काय किंमत? मालवीय यांनी त्याच खात्यातून तेलाचा विषय उचलला.

१९५५ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू संचालनालय सुरू झाले. त्याच सुमारास मालवीय शिष्टमंडळ घेऊन युरोपात आणि सोव्हिएत संघात गेले. पाश्चात्त्य कंपन्यांची भूमिका ठरलेली होती. सोव्हिएत आणि रोमानियन तज्ज्ञ मात्र यंत्रे द्यायला, माणसे पाठवायला आणि शिकवायलाही तयार झाले. सोव्हिएत भूशास्त्रज्ञांचा गट भारतात आला, देशभर फिरला आणि कुठे शोधायचे याचा आराखडा देऊन गेला. ऑगस्ट १९५६ मध्ये संचालनालयाचा आयोग झाला, मुख्यालय देहरादूनला. तीच आजची ओएनजीसी. मंत्री असतानाच मालवीय तिचे पहिले अध्यक्ष होते.

निर्णयाचा गाभा साधा होता. कोरड्या भोकाचे पैसे सरकार भरेल. तेल निघाले तर तेही सरकारचे. आज हे वाक्य लिहायला सोपे वाटते, पण परकीय चलनाची चणचण असलेल्या, धान्य आयात करणाऱ्या देशात ते धाडसाचे होते. सरकारात आणि सरकारबाहेरही अनेकांना तो जुगार वाटत होता. खरे तर तो जुगारच होता. फरक इतकाच की, खेळायला बसल्याशिवाय पत्ते दिसणारच नव्हते.

तेल निघाले तेव्हा ते आपल्याच राज्यात होते

पहिली विहीर १९५७ मध्ये हिमाचलमधील ज्वालामुखी येथे घेतली गेली. तिथे हाती व्यापारी उपयोगाचे काही लागले नाही. पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, खंभातजवळच्या लुणेज गावात तेल लागले. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला होता आणि गुजरातही त्याच द्वैभाषिक राज्यात होता. म्हणजे लुणेजचे तेल निघाले तेव्हा दर्यापूर आणि लुणेज एकाच राज्यातली गावे होती. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले आणि त्यानंतर दोन आठवड्यांत अंकलेश्वरला मोठे तेलक्षेत्र सापडले. ते गुजरातच्या वाट्याला गेले. तिथल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला समुद्र उरला. त्यात काय आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

तेल शोधण्याइतकीच मालवीय यांची दुसरी लढाई भावाची होती. सोव्हिएत संघाकडून कच्चे तेल कमी दराने मिळत होते, पण देशातील परदेशी शुद्धीकरण कारखान्यांनी ते घेण्यास नकार दिला. तेलाच्या किमतींची चौकशी करण्यासाठी दामले समिती नेमली गेली. विक्रीसाठी १९५९ मध्ये सरकारी इंडियन ऑइल कंपनी उभी राहिली. आज गावोगावच्या पंपावर जो नारिंगी गोल दिसतो, त्याचे मूळ या भांडणात आहे.

दहा हजार रुपये

मग १९६३ साल आले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी ओडिशातील सिराजुद्दीन या खाणमालकाच्या कंपनीकडून, पक्षाच्या एका उमेदवारासाठी, मालवीय यांच्या सांगण्यावरून दहा हजार रुपये दिले गेल्याचे प्रकरण संसदेत गाजले. नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवाल प्रसिद्ध झाला नाही, मालवीय यांचा राजीनामा मात्र झाला.

तेल कंपन्यांना नकोसा झालेला मंत्री असा बाहेर काढला गेला, असे त्यांचे समर्थक सांगत राहिले. ती शंका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. कोट्यवधींचा सरकारी पैसा कोरड्या भोकांत घालण्याचा अधिकार मागणाऱ्या माणसाने, खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घ्यायला लावणे ही चूक लहान नव्हती, रक्कम कितीही किरकोळ असो. त्याच वेळी, त्यांनी उभी केलेली संस्था त्यांच्याशिवाय थांबली नाही, हेही खरे.

मालवीय सत्तेबाहेर असतानाच समुद्रातला शोध सुरू झाला. ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने १९६४ ते १९६७ या काळात खंभातच्या आखाताचा आणि त्याच्या दक्षिणेचा अभ्यास केला. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक प्रचंड फुगवटा आढळला. त्याला ‘बॉम्बे हाय’ नाव पडले. दर्यापूरच्या काळ्या मातीखाली खोलवर जो काळा बेसॉल्ट आहे, त्याच दख्खनच्या दगडाचे थर मुंबई किनाऱ्याबाहेरच्या या खोऱ्यातही बऱ्याच भागात तळाशी आहेत. तेल मात्र त्याच्या वरच्या चुनखडीत साठलेले.

रिग समुद्रात उभी कशी राहते?

१९७० मध्ये खंभातच्या आखातात आलियाबेट येथे देशातली पहिली समुद्रविहीर खोदली गेली, पण ती उथळ पाण्यात. बॉम्बे हायला पाणी सुमारे ७५ मीटर खोल. वीस मजली इमारत बुडेल इतके. तिथे ओंडके ठोकून मचाण बांधता येत नाही. त्यासाठी जपानमधील हिरोशिमा येथे मित्सुबिशीच्या गोदीत ‘सागर सम्राट’ बांधून घेतली गेली. १९७३ मध्ये ती तयार झाली.

ही ‘जॅक-अप’ प्रकारची रिग. तिचे धड बार्जसारखे, पाण्यावर तरंगणारे. पाय मात्र लांब, लोखंडी जाळीचे, वरखाली सरकणारे. प्रवासात पाय वर उचललेले असतात. एखादा पक्षी पाय वर करून बसावा तसे. अशा बहुतेक रिगना स्वतःचा वेग नसतो. टग म्हणजे ओढणाऱ्या ताकदवान बोटी त्यांना दोरखंडांनी जागेवर नेतात. जागा आली की पाय खाली सोडले जातात, ते समुद्रतळात रुतून घट्ट बसतात, आणि मग दातेरी चाकांच्या किंवा जॅकच्या जोरावर सगळे धड पाण्याच्या वर उचलले जाते. लाटा खालून निघून जातात. ट्रक उचलण्यासाठी जॅक लावतात, तोच प्रकार, फक्त उचलायचे असते आख्खे गाव.

गाव म्हणणे अतिशयोक्ती नाही. रिगवर माणसे राहतात, पाळीपाळीने बारा तास काम करतात, तिथेच जेवतात, झोपतात. खोदकाम आपल्या बोअरसारखेच, पण बारकाव्यात वेगळे. पाइपाच्या टोकाला बिट फिरते. पाइपामधून दाबाने चिखल सोडला जातो. चिखल म्हणजे साधी माती नव्हे, तर बेंटोनाइट आणि बराइट मिसळलेले जड मिश्रण. ते बिट थंड ठेवते, दगडाचा चुरा वर आणते आणि खालून उसळू पाहणाऱ्या वायूवर वजन टाकून त्याला दाबून धरते. हा दाब चुकला तर विहीर फुटते. पूर्णेच्या गाळात बोअर ढासळू नये म्हणून केसिंग पाइप घालतात, तसे इथेही टप्प्याटप्प्याने केसिंग घालून सिमेंट भरले जाते.

चिखलाची पावडर, सिमेंट, डिझेल, पाइप, भाजीपाला हे सगळे रिगवर येते कसे? पुरवठा बोटींनी. उरणजवळच्या न्हावा तळावरून त्या निघतात. काही बोटी फक्त माल आणतात, काही नांगर उचलून जागा बदलतात, काही आग लागली तर पाण्याचा मारा करण्यासाठी आसपास थांबतात. माणसांची ने-आण मुख्यतः जुहूवरून हेलिकॉप्टरने होते. नोटेवर रिग दिसते, या बोटी दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय रिग फार दिवस चालत नाही. पिण्याचे पाणीही बोटीने पोहोचवावे लागते. सगळीकडे पाणी, पण प्यायला नाही. शहानूर धरणाचे नळाचे पाणी येण्याआधी खारपाणपट्ट्यातल्या गावांनी काय भोगले, हे ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही.

मालवीय परतले, रिगने तेल काढले

१९७१ च्या निवडणुकीत मालवीय उत्तर प्रदेशातील डुमरियागंजमधून लोकसभेत आले आणि पुढे इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात परतले. पण तेल खात्यात नव्हे, पोलाद आणि खाणी या खात्यात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. रॉकेलच्या रांगा आणि डिझेलची टंचाई जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायच्या पहिल्याच विहिरीत तेल लागल्याची बातमी दिली. तेव्हा पेट्रोलियम मंत्री होते देवकांत बरुआ. ज्या माणसाने सगळे सुरू केले, तो त्या दिवशी शेजारच्या खात्यात बसलेला होता.

त्याच वर्षी नंतर पेट्रोलियम खाते मालवीय यांच्याकडे आले. २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. शोधापासून उत्पादनापर्यंत सव्वादोन वर्षे, समुद्रातल्या क्षेत्रासाठी हा वेग चांगलाच म्हणायचा. सुरुवातीला तेल टँकरने आले, पुढे समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला. मालवीय यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९७६ मध्ये, बर्मा-शेलचा भारतातील कारभार सरकारने घेतला. आजची भारत पेट्रोलियम ती हीच. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी भांडण मांडले होते, त्यांचा तुर्भ्याचा कारखाना आता सरकारी झाला.

हा काळ आणीबाणीचा होता आणि मालवीय त्या सरकारचा भाग होते. मार्च १९७७ मध्ये सरकार गेले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. देहरादूनच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे.

दर्यापूरपर्यंत काय पोहोचले?

तेलापेक्षा वायू. बॉम्बे हायचा नैसर्गिक वायू उरणला येतो. तिथून तो अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफच्या कारखान्यापर्यंत जातो आणि त्यातून युरिया तयार होतो. पऱ्हाटीला घालण्यासाठी कृषी केंद्रातून आणलेली ‘उज्ज्वला’ युरियाची गोणी आठवा. उरणमध्ये स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढला जातो.

महाराष्ट्राला या तेलावर रॉयल्टी मिळते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. समुद्रतळ आणि त्याखालची संपत्ती राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार केंद्राची. अंकलेश्वर जमिनीवर होते म्हणून गुजरातला रॉयल्टी मिळाली. बॉम्बे हाय समुद्रात आहे, म्हणून तो हिशेब केंद्राशी.

निवृत्त रिगचे काय होते?

खारे पाणी, लाटा आणि गंज. रिगचे वय लवकर वाढते. धोकेही असतात. १९८२ मध्ये बॉम्बे हायला ‘सागर विकास’ रिगवर विहीर फुटून आग लागली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतनौकेचे काम करणारे जहाज एका जखमी माणसाला उतरवण्यासाठी बीएचएन प्लॅटफॉर्मजवळ आले आणि वायूच्या नळ्यांवर आदळले. आगीत २२ जण गेले, ३६२ जणांना वाचवण्यात आले. प्लॅटफॉर्म दोन तासांत कोसळला, जहाजही काही दिवसांनी बुडाले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ या निवासी बार्जवरची सत्तरहून अधिक माणसे आणि ‘वरप्रदा’ टगवरचे बरेच खलाशी परतले नाहीत. यातील बहुतेक कंत्राटी कामगार होते. सरकारने कोरड्या भोकाचा खर्च उचलायचा ठरवले होते, माणसांच्या जिवाचा हिशेब त्या ठरावात कोणी मांडला नव्हता.

ज्या बोटी आणि रिग चालवणे परवडत नाही, त्या भंगारात निघतात. मोठा माल गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर जातो. भरतीच्या पाण्यात वेगाने आणून वाळूवर चढवायचा आणि गॅस कटरने कापायचा. मुंबईत माझगावजवळच्या दारूखान्यात तुलनेने लहान जहाजे तुटतात. अ‍ॅस्बेस्टॉस, तेलाचा गाळ, जुन्या टाक्यांत अडकलेला वायू, यांमुळे हे काम खोदण्याइतकेच जोखमीचे. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रीकरणाचा कायदा केला आणि हाँगकाँग करारात सामील झाला. हा करार जून २०२५ पासून जगभर लागू आहे.

‘सागर सम्राट’ मात्र अलंगला गेली नाही. तीन दशकांहून अधिक काळात तिने सुमारे सव्वाशे विहिरी खोदल्या. त्यानंतर तिचे खोदकामाचे साहित्य उतरवून, तिला तेल-वायू वेगळे करून पुढे पाठवणारे फिरते उत्पादन केंद्र बनवण्याचे ठरले. २०११ मध्ये कंत्राट दिले गेले. काम रखडले, एका दशकाहून अधिक काळ गेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ती मुंबईच्या पश्चिमेला डब्ल्यूओ-१६ क्षेत्रात नव्या कामाला लागली. रोज सुमारे २० हजार पिंप तेल हाताळण्याची तिची क्षमता आहे. आता ती भोक पाडत नाही. दुसऱ्यांनी पाडलेल्या विहिरींचे तेल तिच्याकडे येते, आणि न्हाव्याहून निघालेल्या बोटी अजूनही तिला पिण्याचे पाणी नेऊन देतात.